कुंदाची कात

जगातली सगळी दुःखं कोरड्या हवेमुळे होतात, यावर आमच्या साडूभाऊंची जी श्रद्धा होती ती लोकांची कुलदैवतावरही नसेल. कुणाचा जावई रुसला, कुणाच्या मुलाला गणितात भोपळा मिळाला, दिल्लीत सरकार पडलं, पोहे घशात अडकले, कारण एकच. "हवा कोरडी आहे हो, साडू. माणसाचं डोकं ठिकाणावर राहील कसं?" असं म्हणून ते खिडकीकडे अशा नजरेनं बघत की हवेनंच ओशाळं व्हावं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरची मंडळी घर बघायला आली. सासऱ्यांनी पगार विचारला, सासूबाईंनी गोत्र विचारलं, आणि साडूभाऊंनी विचारलं, "तुमच्या स्वयंपाकघरात मीठ ओलं होतं का?" मी म्हणालो, "पावसाळ्यात होतं." "मग घर चांगलं आहे," असं सासऱ्यांना सांगून ते चहाकडे वळले. पुढच्या पंचवीस वर्षांत माझ्याविषयी एवढं बरं मत त्यांनी पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही.

यात त्यांचा दोष नव्हता. बडोद्यातल्या एका कापडगिरणीत ते एकोणीस वर्षं हवा सांभाळायच्या कामावर होते. असं काही काम असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. सूतकताईच्या खात्यात हवा कोरडी पडली की धागे तटातट तुटायला लागतात, आणि जास्त ओल झाली की सूत यंत्राला चिकटतं. म्हणून भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असत, एक कोरडा आणि एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली. दोघांच्या आकड्यांत फरक किती यावरून हवेत ओल किती ते कळायचं. साडूभाऊंनी दर तासाला ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि पाण्याचे फवारे कमीजास्त करायचे. नव्वद साल उलटलं आणि एकेक गिरणी बंद पडत गेली, त्यात त्यांचीही गेली. बाहेर पडताना कुणी घड्याळ घेतलं, कुणी खुर्ची. साडूभाऊंनी ते दोन थर्मामीटर मागून आणले आणि बडोद्यातल्याच गोत्री भागातल्या घरात, दिवाणखान्यात, गजाननाच्या तसबिरीशेजारी टांगले. गावात तेव्हा नव्या मोटारी येत होत्या, केबलवर पन्नास चॅनलं येत होती, पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. हवा सांभाळणारा माणूस मात्र कुणालाच नको होता. शेवटी लहरीपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानात त्यांना ओळखीनं जागा मिळाली. तिथे पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "बाई, हे सूत मार्च महिन्यात कातलंय, घेऊ नका." शेठ भला माणूस होता. त्यानं त्यांना कामावरून काढलं नाही, फक्त मागच्या गोदामात बसवलं.

मग सगळा भार घरावर पडला. दारांना ओले टॉवेल, कोपऱ्याकोपऱ्यात माठ, आणि हातात झाडांवर फवारायचा पितळी पंप. पाहुणा आला की आधी पाणी अंगावर आणि मग पेल्यात. त्या घरात मी कुरकुरीत पापड म्हणून कधी खाल्ला नाही. ताई, म्हणजे माझी मेहुणी, सोशिक बाई, पण एकदा कपाटातली पैठणी बुरसली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी मुलगा बघताना पत्रिका पाहिली. पावसाचा अंदाज बघायला हवा होता."

आणि अशा घरात कुंदा आली. वरच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब होतं, त्यांचा बरीच वर्षं पश्चिम आफ्रिकेत धंदा. त्यांच्या मुलानं तिकडून एक अजगर आणला होता. अजगर म्हटलं की आपल्याला बकरी गिळणारा प्राणी आठवतो; ही बया जेमतेम चार फूट लांब, काळपट तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके, आणि स्वभावानं इतकी भित्री की कुणी शिंकलं तरी डोकं मधोमध खुपसून गोळा होऊन बसायची. लांबून पाहिलं तर कुणी अवाढव्य भाकरवडी करून ठेवली आहे असं वाटावं. मुलाचे कॅनडाचे कागद आले तेव्हा तो खोकं घेऊन साडूभाऊंच्या दारात उभा राहिला. "काका, बस बे महिना. पछी हुं लई जईश." दोनच महिने, मग नेतो म्हणे. साडूभाऊ नाही म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात तो म्हणाला, "एक ज प्रॉब्लेम छे, काका. हवा सूकी होय तो एनी कांचळी बराबर उतरती नथी." हवा कोरडी असली की हिची कात नीट निघत नाही! झालं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. साडूभाऊंनी खोकं दोन्ही हातांनी घेतलं, अगदी बारशाचं बाळ घ्यावं तसं. कुंदा हे नाव त्यांनी त्याच दिवशी ठेवलं. का, ते कुणालाच कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "तिच्याकडे बघा ना. कुंदाच आहे ती."

ताईंनी त्या रात्री जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी तह झाला. कुंदा मागच्या खोलीत राहील, काचेच्या पेटीत. ताई त्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत आणि कुंदाकडे बघणार नाहीत. "आणि तिनंही माझ्याकडे बघायचं नाही," हे कलम त्यांनी नंतर जोडलं. तिच्या जेवणाचा विषय मी इथे टाळतो. सोसायटीत सगळी शाकाहारी मंडळी, समोरच्या बेननं एकदा धीर करून विचारलंच, "काका, आ शाकाहारी छे ने?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "बेन, ती चातुर्मास पाळते." आणि ते खोटं नव्हतं. कुंदाचं एकदा मन उडालं की दोन-दोन, तीन-तीन महिने ती तोंडात काही घालत नसे. सबंध सोसायटीत एवढे कडक उपास करणारं दुसरं कुणी नव्हतं. हळूहळू बायका तिच्याविषयी आदरानं बोलू लागल्या.

श्रावणात तर तिच्या वाट्याला दोन नागपंचम्या आल्या. आपली शुद्ध पंचमीला आणि गुजराती लोकांची पंधरा दिवसांनी वद्य पंचमीला. दोन्ही वेळा दारात वाट्या घेऊन बायकांची रांग लागली. साडूभाऊ उंबऱ्यावर आडवे. "दूध नको! दूध तिचं अन्न नाही. तहानेनं अर्धमेला झालेला साप दूध पितो आणि लोक म्हणतात देव प्रसन्न झाला. पाणी द्या, पाणी!" अखेर तोड निघाली. प्रत्येकीनं वाटीभर पाणी आणायचं, ते साडूभाऊ आत नेऊन कुंदाच्या कुंडीत ओतणार, आणि हळदकुंकू दाराच्या चौकटीला. त्या पावसाळ्यात कुंदानं कात टाकली ती सबंध, नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध. काम सगळं पावसानं केलं होतं, पण साडूभाऊ आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडले.

गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगीच नाही. ऑक्टोबरचं ऊन तापलं, कुंदाची कातडी सुरकुतली, डोळे निळसर दुधी झाले. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे असे होतात. हवेची वही लिहिणाऱ्या माणसानं त्या वेळी हवेकडे बघायचं, की नाही? पण घरात दिवाळी. नरकचतुर्दशीच्या पहाटे साडूभाऊंच्या मनात आलं, अंग कोरडं पडलं की आपण काय करतो? तेल लावतो! ताईंचं कुंदाशी बोलणं नव्हतं, तरी पहिल्या आंघोळीचा प्रश्न आला म्हटल्यावर त्यांनाही राहवेना. "घरात राहतेय ना? मग अभ्यंगाशिवाय का ठेवायची, उगीच नरकात जायची," असं म्हणून त्यांनी स्वतः तिळाचं तेल कोमट करून दिलं. साडूभाऊंनी कुंदाला पाटावर घेऊन आपादमस्तक तेल चोळलं. आपादमस्तक म्हणजे जे काय आहे ते. वर उटणं लावलं. तिला पाय नसल्यामुळे कारीट तिच्या वतीनं त्यांनीच अंगठ्याखाली फोडलं. ताईंनी दाराबाहेरून, पाठ करून ओवाळलं. मला फराळाला बोलावलं होतं, तेव्हा हे सगळं त्यांनी इतक्या कौतुकानं सांगितलं की मीही मान डोलावली.

पुढचे चार दिवस कुंदाची कात निघत होती, भिंतीचे पोपडे निघावेत तशी. साडूभाऊ एकेक तुकडा वर्तमानपत्रावर मांडून जुळवत बसले. डोकं जुळलं, मान जुळली, शेपूट जुळली. फक्त डोक्याच्या दोन बाजूंना दोन गोल भोकं राहिली. सापाला पापणी नसते. डोळ्यावर काचेसारखा एक पापुद्रा असतो आणि तो कातीबरोबर निघतो. ते दोन पापुद्रे निघालेच नव्हते. कुंदाचे डोळे सुरकुतलेल्या मण्यांसारखे दिसत होते, आणि पेटीत फिरताना ती पाण्याच्या कुंडीवर आपटत होती.

डॉक्टरकडे मी बरोबर होतो. हे डॉक्टर तरुण, गायी-म्हशींत आणि अल्सेशियन कुत्र्यांत वाढलेले, पण सापांचं वाचन असलेले. त्यांनी कुंदाची कातडी चिमटीत धरून सोडली; वळी तशीच उभी राहिली. "पाणी कमी पडलंय शरीरात," ते म्हणाले. मग बोटं हुंगली. "काका, तेल?" साडूभाऊंनी सगळं सांगितलं, कारीटासकट. डॉक्टर म्हणाले, "काका, आ साप छे, अथाणुं नथी!" साप आहे, लोणचं नाही. मला हसू फुटलं, पण साडूभाऊंचा चेहरा बघून मी ते गिळलं. डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. पापुद्रे ओढायचे नाहीत, ओढले तर डोळाच जायचा. हवा ओलसर ठेवायची, पाणी पोटात जाऊ द्यायचं आणि पुढच्या कातीची वाट बघायची. तेव्हा दोन्ही पापुद्रे निघाले तर निघाले. नाही निघाले तर थरावर थर चढेल, आत पू होईल. "मग दिसणार नाही तिला. हुं खोटुं नहीं कहुं, काका." रिक्षात साडूभाऊ मांडीवरचं खोकं धरून बसले होते. मग म्हणाले, "हवेला नावं ठेवत आलो जन्मभर. ही चूक हवेची नाही हो, साडू. माझी आहे." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून स्वतःची चूक मी पहिल्यांदाच ऐकली. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून गोत्रीच्या त्या मागच्या खोलीत गिरणी पुन्हा सुरू झाली. दिवाणखान्यातले थर्मामीटर पेटीच्या आत गेले. जुन्या कूलरचा पंप आला, वाळ्याच्या ताट्या आल्या, माठ आले, काथ्या भिजवून भरलेला एक डबा आला, त्याला कुंदा आत शिरेल एवढं भोक. "ओल म्हणजे चिखल नव्हे," हे वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा ऐकलं, कारण जास्त ओलीनं सापाची कातडी सडते. आणि पाळ्या लागल्या. पहिली पाळी साडूभाऊ, तिसरी पाळी साडूभाऊ. दुपारी ते गोदामात, म्हणून दुसरी पाळी ताईंवर आली. ताईंनी तह मोडला नाही. त्या दार अर्धवट उघडून, मान वळवून, कुंदा सोडून बाकी सगळं बघायच्या, आकडे वाचायच्या, वहीत लिहायच्या आणि दार लावून घ्यायच्या. "यामागचं शास्त्र मला विचारू नका," त्या मला म्हणाल्या, "पण आज फरक बरोबर आहे." महिन्याभरात त्यांच्या तोंडी 'फरक' शब्द इतका बसला की भाजीवालीशी भाव करतानाही त्या तोच वापरू लागल्या.

उत्तरायणाचे पतंग उडून गेले, बोचरी कोरडी थंडी पडली, आणि कुंदाचे डोळे पुन्हा दुधी झाले. आता आठवड्याभरात काय ते कळणार. त्याच आठवड्यात करजणला साडूभाऊंच्या सख्ख्या भाचीचं लग्न. साडूभाऊंनी बहिणीला फोन करून विचारलं, "मुहूर्त चार दिवस पुढे नाही का ढकलता येणार?" बहिणीला वाटलं कुणी आजारी आहे. कोण ते कळल्यावर ती फोनवरच रडायला लागली. "दादा, माझ्या मुलीला बोहल्यावर कोण आणणार? साप?" मामाशिवाय नवरी मांडवात यायची कशी! तेव्हा ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तुम्ही जा. मामावाचून लग्न अडेल, मामीवाचून नाही अडत. मी थांबते." नवी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेली होती. ती त्यांनी उचलून कपाटात ठेवली. लग्नाच्या दिवशी सोबतीला मला बोलावलं होतं. साडूभाऊ पहाटेच्या बसनं गेले ते दोन पानं भरून सूचना ठेवून: अमुक वाजता पंप, अमुक वाजता वाळा, साडेनऊला पाणी, कुंदाला हात लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, फोडणी दार लावून घालायची.

साडेआठच्या सुमाराला ताई भाजी निवडत होत्या. एकाएकी त्यांचा हात थांबला. त्यांनी गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "हवा सुकलीय." मला काहीही कळलं नव्हतं. मी सूचनांचा कागद पुढे केला, "पाणी साडेनऊला आहे." "कागद राहू द्या," म्हणून त्या उठल्या, तडक मागच्या खोलीत गेल्या, तहबिह विसरून आत शिरल्या आणि वाळ्यावर पाणी मारलं. तासाभरानं कुंदा डब्यातून बाहेर आली आणि पेटीतल्या दगडावर नाक घासू लागली. ओठाशी कातडी सुटली. मग ती पुढे सरकू लागली आणि कात उलटी होत मागे राहू लागली, पायातला मोजा काढताना निघतो तशी. ताई काचेला नाक लावून उभ्या होत्या. "बाई गं, जरा दमानं. आता थोडंच राहिलं," असं त्या बाळंतिणीला सांगावं तसं तिला सांगत होत्या. शेवटी शेपटीचं टोक सुटलं. कुंदा पुन्हा डब्यात गेली आणि दगडापाशी ती लांबलचक कात पडून राहिली. "डोळे बघा," ताई म्हणाल्या. मी म्हणालो, "तुम्ही बघा." दोघांचीही छाती होईना. तेवढ्यात करजणहून फोन आला. मागे सनई वाजत होती. "आली का?" "आली." "अखंड?" "अखंड." "डोळे?" ताई म्हणाल्या, "नाही बघितले. तुम्हीच या."

साडूभाऊ भाचीला बोहल्यावर पोचवून, अक्षता पडताच, पंगत सोडून निघाले. दुपारी फेटा, कोट आणि कपाळाला ओलं कुंकू अशा थाटात ते थेट मागच्या खोलीत शिरले. कात हलक्या हातानं उचलून खिडकीशी नेली, भिंग लावलं. आम्ही दोघं दारात. कातीचा डोक्याकडचा भाग त्यांनी उजेडात फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाले, "दोन्ही आहेत. दिवाळीचेही त्यांनाच चिकटून आलेत." आणि ते फेट्यासकट जमिनीवर बसले आणि रडले. लाजले नाहीत, तोंड लपवलं नाही, सरळ रडले. कुंदानं डब्यातून डोकं बाहेर काढलं होतं. तिचे डोळे काळेभोर, लखलखीत झाले होते.

जरा वेळानं सवयीनं त्यांनी वही ओढली. वाचता वाचता थबकले. "साडेआठला पाणी कुणी मारलं? मी साडेनऊ लिहिलं होतं."

"मी मारलं," ताई म्हणाल्या. "हवा सुकली होती."

"थर्मामीटर वाचलास?"

"नाही. कळलं."

साडूभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुला कळलं?"

"अहो, सव्वीस वर्षं झाली तुमच्याबरोबर. नाही कळणार?"

गिरणीत एकोणीस वर्षं त्यांनी हवा सांभाळली, पण हवा नीट असली की ती कुणाच्या ध्यानातही येत नसे. बिघडली तरच माणसं त्यांना हाक मारत. आपल्याशिवायही कुणाला तरी हे जाणवतं, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा कळलं असावं. फेटा काढून त्यांनी ताईंच्या हातात दिला, आणि ताईंनी तो उगीचच छातीशी धरून ठेवला.

वरचा मुलगा कॅनडातून परत आलाच नाही. साडूभाऊंना जाऊन आता काही वर्षं झाली. कुंदा अजून आहे; हे अजगर पुष्कळ जगतात म्हणे. तिची कात अजूनही अखंड निघते. मागच्या थंडीत गोत्रीला गेलो होतो. ताईंनी पोहे केले. मी विचारलं, "ताई, एकटीला करमतं का?"

"कुंदा आहे की," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत बसल्या. "सकाळी उठले की आज हवा कोरडी आहे, हे लगेच कळतं हो मला. पण सांगू कुणाला?"